वायरमन ते ठेकेदार : अनुभवाची वर्षे कागदावर कशी आणावीत आणि त्याला किती खर्च येतो

भंडारा जिल्ह्यात वायरिंगच्या कामाला तोटा नाही. तुमसर-मोहाडीकडच्या भातगिरण्या, साकोली-लाखनीत उभी राहणारी घरे, पवनी-लाखांदूरच्या शेतातले पंप, आणि आता छतावरची सौर संचाची कामे. या कामांवर आठ-दहा वर्षे राबलेला माणूस पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज भरायला बसतो आणि अनुभवाच्या रकान्यापाशी अडकतो. हाताला सगळे येते, पण कोणाकडे, कधीपासून कधीपर्यंत आणि कोणते काम केले याचा एकही धड कागद घरात नसतो. सरकारी शुल्कापेक्षा ही न लिहिलेली वर्षेच सगळ्यात महाग पडतात. म्हणून या लेखात पैशांच्या हिशेबाइतकीच जागा कागदांच्या हिशेबाला दिली आहे.

तीन पायऱ्या

लोक ज्याला सरसकट ‘पीडब्ल्यूडीचं लायसन’ म्हणतात, ते प्रत्यक्षात तीन वेगवेगळे कागद आहेत. पहिला तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा परवाना. दुसरा पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र. तिसरी विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती. हे तिन्ही राज्याच्या ऊर्जा विभागाखालच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतात. मंडळ मुंबईला आहे. जिल्हा पातळीवर या विषयाची विचारपूस करण्याची जागा म्हणजे विद्युत निरीक्षकांचे कार्यालय; महावितरणचे कार्यालय नव्हे.

यामागचा कायदा केंद्राचा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक नियम आधी २०१० चे होते, त्यांच्या जागी २०२३ चे आले. त्यांचा गाभा असा : ग्राहकाच्या जागेत विजेच्या मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यावे, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली ते व्हावे आणि परवानाधारक माणसाने ते करावे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी, मांडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलणारी किरकोळ कामे यातून वगळली आहेत. नवी वीजजोडणी घेताना अर्जासोबत जो टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर ठेकेदाराची सही आणि अनुज्ञप्ती क्रमांक असतो तो याच कारणाने.

अनुभवाची अट प्रत्येक पायरीवर आणि प्रत्येक शिक्षणाला वेगळी आहे. विद्युत अभियांत्रिकीची पदवी असेल तर कालावधी कमी, पदविकेला त्याहून जास्त, आयटीआयला आणखी जास्त, आणि प्रमाणपत्र नसलेल्याला परीक्षेचा रस्ता. ज्या वर्षी अर्ज करणार, त्या वर्षीच्या अर्जासोबतची पात्रतेची पाने डाउनलोड करून छापून घ्या आणि आपल्या शिक्षणासमोरची ओळ अधोरेखित करा. मित्राने पाच वर्षांपूर्वी काय भरले यावर विसंबून राहू नका.

कोणती वर्षे मोजली जातात?

घोळ होतो तो इथेच. दहा वर्षे काम केले म्हणजे दहा वर्षांचा अनुभव धरला जातो, असे नाही. कागद तपासणारा चार गोष्टी पाहतो.

पहिली, काम कोणाच्या हाताखाली केले. गावातला मिस्त्री कितीही वाकबगार असला, तरी त्याच्याकडे अनुज्ञप्ती नसेल तर त्याच्या चिठ्ठीला वजन येत नाही. ठेकेदाराकडे कामाला लागण्यापूर्वीच त्याच्या अनुज्ञप्तीची प्रत मागा. तिच्यावरची मुदत संपली आहे का, नूतनीकरण झाले आहे का, हे पाहा. मुदत संपलेल्या काळात केलेले काम पुढे वादात सापडते.

दुसरी, काम विजेचे होते का. ‘हेल्पर’, ‘मेंटेनन्स कामगार’, ‘साइट बॉय’ अशा पदनामांतून विजेचे काम दिसत नाही. हजेरीपटावर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन असे लिहून घ्या.

तिसरी, तारखा. ‘सुमारे चार वर्षे’ चालत नाही. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हवी. दोन ठिकाणच्या तारखा एकमेकांवर आल्या तर दोन्ही कागदांवर संशय येतो. आयटीआयमध्ये नियमित शिकत असताना त्याच महिन्यांत पूर्णवेळ नोकरीचा दाखला जोडणे हीसुद्धा अर्ज फेटाळला जाण्याची हमखास वाट.

चौथी, नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर तिसरे स्पेलिंग असेल, तर ते अर्जाच्या आधी दुरुस्त करा. नंतर ते करायला महिने जातात.

अनुभव मिळवण्याचे मार्ग आणि त्यांचा हिशेब

शिकाऊ उमेदवारी : इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन हा दोन वर्षांचा व्यवसाय आयटीआयमधून पूर्ण केलेल्यांसाठी सर्वांत भक्कम रस्ता म्हणजे एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी. करार सरकारी पोर्टलवर नोंदला जातो, तारखा तिथे पक्क्या होतात आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्यामुळे महावितरण, जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा वाहन कारखाना, तुमसर तालुक्यातल्या मँगनीज खाणी यांच्या जाहिरातींवर डोळा ठेवा.

आता पैसे. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराला किमान ७,००० रुपये महिना विद्यावेतन ठरले; जाहिरातीत याहून जास्त आकडा असेल तर तो धरा. वर्षाचे झाले ८४,०००. हाच मुलगा ठेकेदाराकडे मदतनीस म्हणून समजा ४५० रुपये रोजीने महिन्याचे २६ दिवस गेला, तर वर्षाला १,४०,४०० कमावतो. म्हणजे शिकाऊ उमेदवारीची खरी किंमत वर्षाला ५६,४०० रुपये पडते. घरून जाऊन-येऊन करता आली तर एवढ्यावरच भागते. नागपूरला खोली आणि मेस मिळून महिना ५,५०० धरले, तर विद्यावेतनातले ६६,००० त्यातच जातात आणि हातात १८,००० उरतात. घरच्यांशी हा हिशेब आधीच बोलून घ्या, म्हणजे सहाव्या महिन्यात उमेदवारी अर्धवट सोडायची वेळ येणार नाही. मध्येच सोडलेल्या उमेदवारीचे प्रमाणपत्र मिळत नाही.

परवानाधारक ठेकेदाराकडे नोकरी : रोजी जास्त, हातही लवकर बसतो. धोका एकच, कागद न होण्याचा. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो. पगारातून १२ टक्के कापले जातात म्हणून बरेच जण ‘पीएफ नको, रोख द्या’ म्हणतात. पुढे अनुभव सिद्ध करताना हेच पासबुक तुमच्या बाजूने उभे राहते, कारण त्यात महिनावार नोंद असते आणि ती मागून कोणाला घालता येत नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होणाऱ्या कामगार राज्य विम्याच्या नोंदीचेही तसेच.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना : २०२४ पासूनच्या या योजनेत आयटीआय आणि पदविकाधारकांना महिना ८,००० रुपये ठरले. मुदत आधी सहा महिने होती, नंतर अकरा झाली. अकरा महिन्यांचे ८८,००० होतात. यात एक काळजी घ्या. कार्यालयात टपाल आणि संगणकाच्या कामावर बसवले, तर ते महिने विजेच्या अनुभवात येत नाहीत. रुजू होतानाच विद्युत देखभालीचे काम मागा आणि प्रमाणपत्रात तसे लिहून घ्या.

पदविकेचा रस्ता : दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. साकोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे. विद्युत शाखा आणि तिच्या जागा त्या-त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेत पाहा. दोन वर्षे कमाई थांबते, पण पर्यवेक्षकासाठी लागणारा अनुभवाचा कालावधी कमी होतो आणि पुढच्या नोकऱ्याही उघडतात. वय विशीच्या आतबाहेर असेल आणि घर दोन वर्षे तग धरू शकत असेल, तर हा रस्ता पहिल्यांदा तपासा. संसार डोक्यावर असलेल्याने नोकरी करत परवान्यापासून एकेक पायरी चढावी.

  

अनुभवाचा दाखला कसा असावा?

बहुतेक दाखले असे असतात : ‘सदर इसम आमच्याकडे काम करत होता. तो मेहनती व प्रामाणिक आहे. त्याच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ यात विजेचा शब्द नाही, तारीख नाही, अनुज्ञप्ती क्रमांक नाही. असा दाखला जोडला काय आणि न जोडला काय.

मंडळाच्या अर्जासोबत ठरावीक नमुना असेल तर तोच वापरा. नसेल तर लेटरहेडवर असा मजकूर घ्या :

‘श्री. ……, जन्मतारीख ……, हे आमच्या संस्थेत (विद्युत ठेकेदार अनुज्ञप्ती क्रमांक ……, वैध दिनांक …… पर्यंत) दिनांक …… पासून दिनांक …… पर्यंत वायरमन या पदावर पूर्णवेळ कामावर होते. या काळात त्यांनी घरगुती, व्यापारी व औद्योगिक जोडण्यांची वायरिंग, थ्री फेज मोटर व स्टार्टर पॅनेल जोडणी, अर्थिंग, तसेच इन्सुलेशन व अर्थ रेझिस्टन्स चाचणी ही कामे पर्यवेक्षक श्री. …… (सक्षमता प्रमाणपत्र क्रमांक ……) यांच्या देखरेखीखाली केली. हाताळलेला कमाल दाब …… व्होल्ट, कमाल भार …… किलोवॅट.’

खाली सही, नाव, शिक्का, तारीख आणि फोन. पर्यवेक्षकाचीही सही घेतली तर उत्तम. दाखला नोकरी सोडतानाच घ्या. ठेकेदार वारला, धंदा बंद पडला, भांडण झाले, की तोच कागद मिळवायला उंबरे झिजवावे लागतात. मोठ्या आस्थापनेत असाल तर दर वर्षाअखेरीस एक दाखला मागून ठेवा.

पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी एक तरतूद लक्षात ठेवावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार कंत्राटी कामगाराने मागितल्यास कामाचा तपशील असलेले अनुभव प्रमाणपत्र देणे कंत्राटदारावर बंधनकारक आहे. मागणी लेखी करा आणि पोहोच घ्या.

कामाची वही

शंभर पानी वही घ्या आणि रोज संध्याकाळी तीन-चार ओळी लिहा. नोंद अशी हवी : ‘१२ जून. मोहाडी, भातगिरणी. २० अश्वशक्ती मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर बसवला. चालू करण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक फेज ते अर्थ एक-एक मिनिट चाचणी, वाचन वहीत घेतले. चालू केल्यावर तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरने पाहिला. ओव्हरलोड रिले सेट केला.’ महिन्याअखेरीस पर्यवेक्षकाची सही घ्या. पॅनेल उघडे असतानाचा आणि बंद केल्यानंतरचा फोटो तारखेसह जपा.

या वहीचा दुहेरी उपयोग आहे. दाखला लिहून घेताना ठेकेदाराला आठवावे लागत नाही, तुम्ही यादी समोर ठेवता. आणि परीक्षेत तोंडी प्रश्न आला की उत्तर स्वतःच्या कामातून निघते. मेगरचे वाचन एक मेगोहमच्या खाली आले तर काय करशील, या प्रश्नाला ज्याने पावसाळ्यात ओल धरलेल्या कंड्युटमधली तार शोधून बदलली आहे, तो अडखळत नाही.

मागची वर्षे हातची गेली असतील तर?

आधी जे आहे ते गोळा करा : पीएफचे पासबुक, बँकेत जमा झालेली मजुरी, गेटपास, हजेरी कार्ड, जुन्या टेस्ट रिपोर्टच्या प्रती. बांधकामावर वायरिंग करणाऱ्यांनी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी पाहावी. मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर ती होते आणि नोंदणी शुल्क १ रुपया आहे. ही नोंदणी विद्युत परवान्याचा अनुभव म्हणून स्वतंत्रपणे चालत नाही, पण तुम्ही त्या काळात या कामात होता याला आधार देते.

उस्तादाकडे शिकलेले, आयटीआय न केलेले अनेक जण आहेत. त्यांनी परवान्याच्या परीक्षेची पात्रता पाहावी, तसेच पूर्वकौशल्याच्या मान्यतेचे प्रमाणपत्र आणि खासगी उमेदवार म्हणून व्यवसाय परीक्षा देण्याची सोय यांची चौकशी जिल्ह्याच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत करावी. इथून पुढची वर्षे तरी परवानाधारकाकडेच काढा.

अर्जाचा आणि साधनांचा खर्च

अर्ज, परीक्षा आणि नूतनीकरणाचे शुल्क ऑनलाइन भरताना पडद्यावर जे दिसते तेच आणि तेवढेच. पावती डाउनलोड करून ठेवा. त्याखेरीज :

प्रतिज्ञापत्र : ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर-दोनशेचे मुद्रांक पाचशेवर गेले, म्हणून विक्रेते सरसकट ५०० चा स्टॅम्प गळ्यात मारतात. शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ च्या अधिसूचनेने मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालते का, हे विचारूनच खिशात हात घाला.

हाताची साधने : पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर संच, स्ट्रिपर, रबरी हातमोजे मिळून साधारण १,५०० ते २,५०० रुपये.

मोजणीची उपकरणे : मल्टिमीटर ५०० ते १,५००, टाँग टेस्टर १,००० ते ३,०००, मेगर ३,००० ते ७,०००, अर्थ टेस्टर ५,००० ते १२,०००. एकूण साडेनऊ ते साडेतेवीस हजार, कॅलिब्रेशन वेगळे. वायरमनला पहिली दोन पुरतात. मेगर आणि अर्थ टेस्टरचा खर्च ठेकेदारीच्या पायरीवर करा.

ठेकेदारीचा चालू खर्च : पर्यवेक्षक आणि वायरमन ठेवावे लागतात, त्यांचा पगार हाच मोठा आकडा. तुम्ही स्वतः पर्यवेक्षक झालात तर त्याची मोठी बचत होते, म्हणून दुसरी पायरी गाळू नका. उद्यम नोंदणी आणि जीएसटी नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. सेवा देणाऱ्यांना २० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.

अर्ज अडकला तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हाताशी आहे. आधी आपली सेवा अधिसूचित सेवांच्या यादीत पाहा. मुदत उलटल्यावर किंवा अर्ज फेटाळल्यावर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. कसूर ठरलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. त्रुटीचे पत्र आले तर मात्र अपिलाआधी त्रुटी दूर करा.

विकतचा अनुभव घेऊ नका

‘अनुभवासकट लायसन काढून देतो’ असे सांगणारे भेटतील. ज्या ठेकेदाराकडे तुम्ही एक दिवसही काम केले नाही, त्याचा दाखला जोडणे म्हणजे खोटा दस्तऐवज वापरणे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ आणि ३४० खाली तो गुन्हा आहे, आणि त्यात दाखला देणारा जसा अडकतो तसा वापरणाराही अडकतो. काम न करता मिळवलेले प्रमाणपत्र एका तक्रारीत जाते, दलालाला दिलेले पैसे परत येत नाहीत.

याची दुसरी बाजू कायद्याहून मोठी आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळे दगावली. चौकशीत आगीची सुरुवात बाळांना ऊब देणाऱ्या यंत्रातल्या ठिणगीपासून झाल्याचे पुढे आले. वीज चुकली की काय होते, हे या जिल्ह्याला कोणी सांगायची गरज नाही. सक्षमता प्रमाणपत्र असलेला माणूस टेस्ट रिपोर्टवर सही करतो तेव्हा त्या घरातली माणसे आज रात्री निर्धास्त झोपू शकतात, अशी तो हमी देतो. ती हमी देण्याइतके शहाणपण प्रत्यक्ष कामाच्या वर्षांतूनच येते आणि अनुभवाची अट त्याच्यासाठीच आहे.

तेव्हा आजच तीन कामे करा. ज्याच्याकडे काम करता, त्याच्या अनुज्ञप्तीची मुदत पाहून प्रत घ्या. मागच्या प्रत्येक मालकाकडे तारखांसह दाखल्याची लेखी मागणी करा. आणि आज केलेल्या कामाची पहिली नोंद वहीत लिहा. ठेकेदारांनाही विनंती आहे : तुमच्या हाताखाली राबलेल्या पोराचा दाखला अडवू नका. एक सही आणि एक शिक्का एवढाच तुमचा खर्च आहे, आणि दाखला हा त्याचा हक्क आहे.